आजारी कोंबडीची शुश्रूषा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी "कोंबडी" असे म्हटले आणि त्यांना हसू आवरेना. अशा दिवशी संतचरित्र शोभते, बालसंगोपन शोभते, फार तर लोणची-पापड, हे मलाही समजते. परंतु आपल्या कुरखेड्यात घरातला पैसा कोणाचा, याचा एकदा हिशेब करून पाहा. धानाचा पैसा घरधन्याच्या हाती येतो. मोहाचा पैसा किराण्याच्या वहीत जिरतो. बाईच्या पदराच्या गाठीत म्हणून जो पैसा पडतो तो अंड्यांचा आणि कोंबड्यांचा. मुलाची वही, पाहुण्याचा पाहुणचार, देवाला कबूल केलेला नवस, सारे त्या खुराड्यातूनच निघते. मग ती कोंबडी एके सकाळी उठेनाशी झाली म्हणजे बाईच्या जिवाची घालमेल का होऊ नये?

कोंबडी पायांवरून गेली की घरात तीन सल्ले मिळतात. पुरुष म्हणतात, कापा. सासूबाई म्हणतात, बाजाराचा दिवस आहे, विकून टाका. मुले म्हणतात, हिला दवाखान्यात न्या. माझ्या मते तिघांतले शहाणपण मुलांच्या सल्ल्यात अधिक आहे, आणि बाजाराचा सल्ला तर सर्वांत वाईट. तो का वाईट, ते पुढे येईलच.

आधी हे ध्यानात घ्या की "कोंबडी लुळी पडली" हे रोगाचे नाव नव्हे. ताप म्हणजे जसे लक्षण, तसेच हेही. पुष्कळदा कारण आपल्याच हातून घडलेले असते. बाजारातून कोंबड्या आणताना त्यांचे पाय सुतळीने करकचून बांधायचे, सायकलच्या दांड्याला उलट्या टांगायच्या आणि कोसभर रस्ता तुडवायचा! घरी सोडली की ती लंगडते आणि आपण नजर लागली म्हणतो. सुतळीने नस दबलेली असते किंवा मांडीचा सांधा दुखावलेला असतो. पशूंना अशी विनाकारण यातना देऊन वाहून नेणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा होण्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल या राज्यसभेतील एका बाईंची खटपट होती, हे आपल्या मंडळाने विसरू नये. कोंबडी टोपलीत घालून आणावी. तसेच पायाला केस किंवा दोरा गुंडाळला गेला आहे काय, तळव्याला काटा रुतून गाठ झाली आहे काय, हे पहिल्याच दिवशी उजेडात पाहावे. कोंबडी शेपटी खाली टाकून, पाय फाकवून बसत असेल आणि सारखी कळा देत असेल तर अंडे अडकले असण्याचा संभव असतो. अशा वेळी कोमट पाण्यात तिचा मागचा भाग पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावा आणि तेलाचे बोट लावावे. पोट दाबू नये. अंडे आत फुटले तर कोंबडी जाते.

आता एक गोष्ट सांगते, ती आपल्या धानाच्या मुलखाने तर ऐकलीच पाहिजे. 1886 साली डच सरकारने जावा बेटात बेरीबेरी या रोगाचा शोध लावण्यासाठी डॉक्टर पाठविले. त्यांत आयकमन नावाचे एक तरुण डॉक्टर होते. त्यांच्या प्रयोगशाळेच्या आवारातील कोंबड्या पुढे एकाएकी लुळ्या पडू लागल्या. जंतू शोधले, ते सापडेनात. काही महिने गेले आणि कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या! डॉक्टर चक्रावले. चौकशी करता कळले की, राखणदार त्या कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढरा, सडलेल्या तांदळाचा भात घालीत असे. नंतर स्वयंपाकी बदलला. नव्या स्वयंपाक्याचे म्हणणे असे की, लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना का म्हणून? त्याने भात बंद केला, कोंबड्यांना कोंड्यासकट हलका तांदूळ मिळू लागला आणि त्या उभ्या राहिल्या. त्या स्वयंपाक्याच्या कंजूषपणाने जगाचे केवढे कल्याण केले! 1901 मध्ये ख्रेन्स या त्यांच्या सहकाऱ्याने स्पष्ट सांगितले की, कोंड्यात काहीतरी आवश्यक द्रव्य आहे आणि ते नसल्याने नसा दुबळ्या होतात. तेच पुढे बी-1 जीवनसत्त्व ठरले. आयकमन यांना 1929 चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वयंपाक्याचे नावही मी कोठे वाचलेले नाही.

आपल्या घरी उखळ गेले आणि राईस मिल आली. कोंडा गिरणीतच राहतो, पांढरी कनकी घरी येते. मोकळी फिरणारी कोंबडी किडे, उधई, हिरवा पाला टिपून ही उणीव भरून काढते, म्हणून तिला सहसा हा त्रास होत नाही. आमच्या आळीतील एका मावशींनी मात्र भाजीचे वाफे राखण्यासाठी महिनाभर कोंबड्या डालग्याखालीच ठेवल्या आणि कनकीवर पोसल्या. त्यांतली एक घोट्यांवर बसून मान पाठीकडे टाकून आभाळाकडे पाहू लागली. "बाई, हिला देवाचं बोलावणं आलं," असे मावशी म्हणाल्या. पशुवैद्यकांनी बी-1 ची सुई दिली, दाण्यात ताजा कोंडा मिसळावयास सांगितले, आणि बोलावणे परत गेले. लहान पिल्लांची बोटे आत मुडपतात, तो प्रकार बी-2 च्या कमतरतेचा. त्यावर थोडे ताक आणि हिरवा पाला द्यावा व वेळीच औषध घ्यावे. उशीर झाला तर बोटे तशीच राहतात. दाणे बुरशीचे नसावेत, हे आपल्या पावसाळ्यात निराळे सांगावयास नको.

सर्वच कहाण्या अशा गोड होत नाहीत. माझ्या घरची चार महिन्यांची तलंग, अंड्यावर यावयाच्या बेतात असलेली, एके दिवशी एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेली दिसली. डोळे स्वच्छ, दाणे टिपण्याची इच्छा शाबूत, पण उठता येईना. हा मॅरेकचा रोग. बुडापेस्टच्या योझेफ मॅरेक यांनी 1907 साली लुळ्या पडलेल्या चार कोंबड्यांवरून त्याचे वर्णन केले. विषाणूमुळे नसा सुजतात. पिसांच्या कोंड्यातून तो पसरतो आणि खुराड्याच्या धुळीत महिनोन् महिने टिकतो. माणसाला तो होत नाही. लस आहे, पण ती पिल्लू अंड्यातून निघाल्या दिवशीच टोचावी लागते. रोग झाल्यावर इलाज नाही. हे मला ठाऊक होते. तरी दुखापत असेल तर आठवड्यात फरक पडेल, एवढ्या आशेवर मी तिची शुश्रूषा केली. ती कशी केली ते सांगते, कारण कारण कोणतेही असो, शुश्रूषा तीच.

प्रथम तिला इतरांपासून वेगळी केली. दुबळ्या कोंबडीला बाकीच्या टोचून रक्तबंबाळ करतात, आणि रोग असेल तर तोही पसरतो. रुंद टोपलीत तणस घातली आणि सकाळ-संध्याकाळ बदलली. ओली तणस हीच मोठी वैरीण: छातीच्या हाडावर फोड येतात, विष्ठेवर माशा बसतात आणि दोन दिवसांत अळ्या पडतात. म्हणून मागची पिसे कातरून रोज कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावे लागते. जुन्या लुगड्याची झोळी शिवून तीत पायांसाठी दोन भोके ठेवली आणि दिवसातून तीनदा थोडा वेळ तिला अशी टांगली की पाय जमिनीला जेमतेम टेकावेत. पाणी घशात ओतावयाचे नाही! जिभेच्या मागेच श्वासनळीचे तोंड असते, तेथे पाणी गेले की कोंबडी गुदमरते. चोचीचे टोक वाटीत बुडवावे, ती आपण होऊन मान वर करून पिते. धड कोंबडीला दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी लागते. तेवढे थोडेथोडे पोटात गेले पाहिजे. संध्याकाळी गळ्याखालची थैली चाचपून पाहावी. ती रिकामी लागली तर दिवसभराचे आपले कौतुक व्यर्थ. हे सारे झाले की हात साबणाने धुवावेत आणि मग निरोग्या कोंबड्यांकडे जावे. आधी निरोग्या, मागून आजारी, हा क्रम उत्तम.

अठरा दिवस हे चालले. दुसरा पायही गेला, पंख लोंबू लागला, मग ती चोच उघडेना. माझी नात विचारी, "आजी, आज उठली का?" एकोणिसाव्या दिवशी मी शेजारच्या दादांना बोलाविले. त्यांनी मुलांच्या नजरेआड एका झटक्यात तिची सुटका केली, आणि आम्ही तिला वाडीच्या कडेला खोल खड्ड्यात चुना टाकून पुरले. कोणी म्हणाले, खायची होती. रोगाने खंगलेले जनावर मी ताटात वाढणार नाही. जिचा पाय नुसता मोडला आहे आणि बाकी जी धडधाकट आहे, तिची गोष्ट निराळी. जी खाते, पिते, मान वर करून पाहते, तिच्यासाठी खपावे. जी खात नाही, जिच्या अंगाला फोड आले, तिला आणखी आठ दिवस जिवंत ठेवणे ही तिची सेवा नव्हे, आपल्या मनाची समजूत आहे.

आता बाजाराचा सल्ला वाईट का, ते. मान पिळवटली, पंख गळाले, हिरवट-पांढरी हगवण लागली, तोंड उघडून श्वास चालला, आणि एकीमागून एक कोंबडी पडू लागली, तर ती मानमोडी, म्हणजेच रानीखेत रोग. कुमाऊँमधील रानीखेत येथे 1927 साली आपल्या देशात तो प्रथम ओळखला गेला, म्हणून हे नाव. त्यावर औषध नाही. अशा घरची कोंबडी घाईघाईने बाजारात विकली की तो रोग टोपलीत बसून सती नदीच्या अलीकडच्या-पलीकडच्या दहा गावांत जातो. विकणारीला चार पैसे मिळतात आणि दहा गावच्या बायांचे पदर रिकामे होतात. त्यांत आपली माहेरेही आली! मेलेल्या कोंबड्या नदीत टाकणे किंवा उकिरड्यावर फेकणे हेही तसेच; कुत्री त्या घरोघर पोहोचवितात. आणि एकाच वेळी पुष्कळ कोंबड्या अचानक मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तो माणसालाही होऊ शकतो.

मानमोडीची लस स्वस्त आहे आणि चांगली आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, आणि सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर कातडीखाली सुई. मग आपल्याकडे ती का टोचली जात नाही? अडचण अशी की, बाटली शंभर किंवा अधिक कोंबड्यांची असते, ती बर्फात आणावी लागते, आणि कालविल्यावर दोन तासांत संपवावी लागते. आपल्यापैकी कोणाकडे आठ, कोणाकडे बारा. एका घरासाठी बाटली कोण फोडणार? हे काम एकटीचे नव्हेच, ते मंडळाचे आहे. पुष्कळ घरे मिळाली की बाटली वाया जात नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, आजच निघण्यापूर्वी प्रत्येकीने चिटणीसबाईंच्या वहीत आपल्या कोंबड्यांची आणि पिल्लांची संख्या लिहावी. त्यावरून दवाखान्याशी बोलून दिवस ठरविता येईल. त्या दिवशी कोंबड्या पहाटे सोडू नयेत, डालग्याखालीच ठेवाव्यात, नाहीतर डॉक्टर येतील आणि आपण बांधीभर कोंबड्यांमागे धावत बसू. आजारी असेल तिला लस टोचत नाहीत, तिचे नाव निराळे लिहावे. आमच्या घरच्या अकरा आणि पिल्ले सात, ही मी लिहून ठेवली आहेत.