फळ आईचं, बी दोघांचं

आमच्या बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत एकाच फळाला तीन नावं आहेत. बाजारात गंगाफळ, शेजारच्या काकूंकडे कोहळं आणि आमच्या घरी कद्दू. काकू त्याची बोंडं तळायच्या, अम्मी त्याची गोश्तात भाजी करायची. दोन्ही घरांत जाणारं फळ मात्र अम्मीच्या परसातल्या वेलाचं. एकेक पंधरा-सोळा किलोंचं! बी ती राखेत घोळून चिंधीत बांधून ठेवायची.

अम्मी गेली त्या वर्षी मी चिंधीतलं बरंचसं बी लावलं. फळं तशीच मोठी आली. मी खूश. त्यांचं बी धरून पुढच्या पावसाळ्यात लावलं, तर फळं आली लांबुडकी, फिकट, जेमतेम चार किलोंची. मी खताला दोष दिला, पावसाला दिला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या मित्राने एकच प्रश्न विचारला, "बाप कोण?"

भोपळ्याच्या एकाच वेलावर नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मादी फुलाखाली इवलंसं फळ असतं, म्हणून ती ओळखू येते. पराग जड आणि चिकट. वाऱ्याने उडत नाही, मधमाशीच नेते. फळाचा आकार-वजन ठरतं ते आईवेलाच्या गुणांवर आणि तिला मिळालेल्या खतपाण्यावर. परक्या परागाचा परिणाम दिसतो तो पुढच्या पिढीत. फळ आईचं, बी दोघांचं. शेजारच्या कुंपणावर बाजारातल्या बियाण्याचा वेल होता. मधमाशीला कुंपण कुठलं?

मग उपाय काय? मित्राने तीन वाटा सांगितल्या. मधमाशीवर सोडलं तर फळ मिळतं, पण वंश कळत नाही. त्याच वेलाचा नर त्याच वेलाच्या मादीला लावला तर गुण पक्के होतात, पण खोटही पक्की होऊ शकते. दुसऱ्या निवडक वेलाचा पराग आणला तर नवं काही मिळेल. मात्र जुनं तसंच राहील याची हमी नाही.

आपल्याकडच्या कापूसवाल्यांना हे नवं नाही. १९७० साली गुजरातेत निघालेला 'एच-४' हा संकरित कापूस हाताने केलेल्या परागीकरणावरच उभा राहिला. तिकडे कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं निवड करून 'अटलांटिक जायंट' हा भोपळा घडवला. २०२३ साली कॅलिफोर्नियात अशाच एका राक्षसी भोपळ्याचं वजन भरलं १,२४७ किलो. ते हौशी लोक बियांच्या पाकिटावर आईवेल आणि बापवेल दोन्ही लिहितात. आपण लग्नाआधी सात पिढ्या विचारतो, भोपळ्याची एकही विचारत नाही!

चिंधीत सात बिया उरल्या होत्या. चार उगवल्या, दोन वेल जगले. दोन्ही अम्मीच्याच बियांचे. एका वेलाचा पराग दुसऱ्याच्या मादीला द्यायचा, असं मी ठरवलं. वंश घरातच राहणार आणि एकाच वेलावर सारी भिस्तही नाही.

संध्याकाळी उद्या उमलतील अशा पिवळसर झालेल्या नर आणि मादी कळ्या निवडल्या, तोंडं दोऱ्याने बांधली. सकाळी ऊन चढायच्या आत नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या, आतला परागाचा दांडा मादी फुलात हलकेच फिरवला. फूल पुन्हा बांधलं, वर पावसासाठी कागदी टोपी. पहिली दोन फुलं पावसानं सडली. तिसरं धरलं. देठाला लाल धागा बांधला. बाकीची फुलं मधमाश्यांना मोकळी, ती खाण्यासाठी.

लाल धाग्याचं फळ चौदा किलोंचं झालं. पण मित्राची ताकीद होती, आजच्या वजनावर नाचू नकोस. निकाल पुढच्या वर्षी.

यंदाच्या वेलाला परवा पहिलं फळ लागलं. अजून मुठीएवढंच आहे. बियांच्या पाकिटावर मी साल लिहिलंय आणि खाली एवढंच: आईकडून अम्मी, बापाकडूनही अम्मी. एक पाकीट काकूंच्या सुनेलाही दिलंय. आमचा वेल गेला, तर तिच्याकडे मागता येईल.