आईची करंगळी ठीक होती
आज जरा घरचं सांगतो. आईला फायब्रोमायाल्जिया आहे. अंगभर दुखणं, थकवा, झोप अपुरी. गेल्या वर्षी तिचा उजवा हात रात्री बधिर व्हायला लागला. उठून हात झटकत बसायची. मी म्हणालो, "अगं, तुझं तेच आहे." ऑफिसात करतो तसं, नवी तक्रार जुन्या बगमध्ये टाकून बंद केली.

महिन्यांनी एकदा विचारलं, नेमकी कुठली बोटं? अंगठा, तर्जनी, मधलं. करंगळी ठीक. हा मीडियन नर्व्हचा इलाका. मनगटातल्या अरुंद जागेत ही नस दबते, तो कार्पल टनेल सिंड्रोम. फायब्रोमायाल्जिया असलेल्यांत तो जास्त आढळतो, आणि तिथेच लपूनही राहतो. कारण सगळंच दुखतं तेव्हा एका हाताचं कोण ऐकतं? नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्ये दाब दिसला.

आता ती रात्री मनगटाला स्प्लिंट लावते. अंग दुखतंच, पण हातामुळे झोप मोडत नाही. परवा म्हणाली, "मी सांगत होतेच की, हे वेगळं आहे." घरी कुणी असं म्हणालं, तर आधी बोटं विचारा. भेटू पुढच्या भागात.