मर्यादेची वाटणी



अर्थशास्त्राच्या अध्यापकांपुढे आर्थिक वाढीच्या मर्यादेचा विषय काढणे म्हणजे सराफकट्ट्यावर अपरिग्रहाचे व्याख्यान देण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे; तथापि अध्यक्षपदाचा एवढा गैरफायदा घेण्याची मुभा आपण द्याल, असे मी गृहीत धरतो.

१९७२ साली ‘क्लब ऑफ रोम’च्या प्रेरणेने काही संशोधकांनी लोकसंख्या, उद्योग, अन्न, साधनसंपत्ती आणि प्रदूषण यांचे गणित संगणकावर मांडून, परिमित पृथ्वीवर चक्रवाढीची वृद्धी अखंड चालू शकत नाही, असा निष्कर्ष एका ग्रंथात प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील लक्षावधी स्त्रीपुरुष दुष्काळी कामांवर खडी फोडीत होते. त्या ग्रंथाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. परंतु मर्यादा मान्य केल्यावर ती कोणी आणि कशी वाटून घ्यावयाची, या प्रश्नाकडे वळले की मला खानदेशाची आठवण होते.

तेथील पांझरेसारख्या नद्यांवरील बंधाऱ्यांखाली चालत आलेल्या फड पद्धतीत गावाचे भिजणारे क्षेत्र बहुधा चार फडांत विभागलेले असे, एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाई, आणि पाणी देण्याचे काम शेताच्या धन्याकडे न राहता गावाने नेमलेल्या पाटकऱ्याकडे असे. देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. नदीचे पाणी आटले की पंचमंडळी एखादा फड कोरडा ठेवण्याचा निर्णय करीत, आणि पुष्कळांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे टंचाईचा भार थोडाथोडा सर्वांवर पडे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानंतर विखुरलेल्या जमिनीकडे आपण निव्वळ दोष म्हणून पाहू लागलो. येथे मात्र तेच विखुरलेपण विम्याचे काम करीत होते, आणि त्याचा हप्ता कोणाला भरावा लागत नव्हता.

१९७२ च्या दुष्काळानंतर, १९७४ मध्ये, पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे या पुण्याच्या उद्योजकाने देवस्थानची ४० एकर जमीन खंडाने घेऊन पाणी अडविण्याचे प्रयोग आरंभले, व त्यांतून निघालेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क सातबाऱ्यावरून उचलून घरातील माणसांच्या संख्येवर नेला. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस वर्ज्य. या शेवटच्या कलमावर सारी भिस्त होती. कारण एका एकर उसाला वर्षभर जेवढे पाणी लागते, तेवढ्यात कित्येक एकर ज्वारी, कडधान्य आणि भाजीपाला होतो. साखर राष्ट्रीय उत्पन्नात जमा होते; तिच्यापायी खालावलेली विहिरींची पातळी मात्र खर्चाच्या बाजूला कोठेही लिहिली जात नाही, आणि अशा जमाखर्चाला आपण, हिशेबात वाकबगार म्हणविणारे लोक, वर्षानुवर्षे ‘विकास’ म्हणून मान्यता देत आलो आहोत.

गाव सर्वस्वी स्वयंपूर्ण व्हावे, असा माझा आग्रह नाही. मीठ, लोखंड, औषध बाहेरूनच येणार. सलग दोनतीन पावसाळे हुकले तर शहाण्यातल्या शहाण्या गावालाही परक्या धान्याची वाट पाहावी लागेल. पाणी पंचायतीच्या कित्येक उपसा योजना पुढे बंद पडल्या, हेही खरे. परंतु जे गाव आपली भाकरी, डाळ आणि भाजी आपल्या शिवारात काढते, त्याला बाजारभावाच्या किंवा पावसाच्या एका फटक्याने घरदार सोडून मजुरीसाठी मुकादमामागे जावे लागत नाही, एवढा फरक मला पुरेसा वाटतो.

म्हणून माझी सूचना अशी की, आपल्यापैकी प्रत्येकाने एकेक गाव घेऊन, तेथील अन्नाचा किती महिन्यांचा साठा त्या शिवारातून निघतो आणि त्यासाठी भूगर्भातून किती पाणी उपसले जाते, याचा ताळेबंद पुढील अधिवेशनापूर्वी मांडावा. गावचे महसुली दप्तर आणि निरीक्षण विहिरींच्या नोंदी आरंभाला उपयोगी पडतील. मात्र जुन्या दप्तरातील पीकपाहणी पुष्कळदा चावडीत बसूनच लिहिली जात असे, तेव्हा अध्यापकवर्गाने बांधापर्यंत चालत जाण्याची तयारी ठेवावी.