सातबारा दर हंगामाला ताजा ठेवा
(महाड व पोलादपूर तालुक्यांतील शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाताचे बियाणे दर तीन वर्षांनी बदलावे ही शिफारस आपण अनेकदा ऐकली आहे आणि आपल्यापैकी बरेचजण ती पाळतातही. पावसापूर्वी बांध नीट करणे, राब भाजणे, घर शाकारणे ही कामे कोणी सांगावी लागत नाहीत. सातबारा मात्र एकदा काढला की ट्रंकेत जातो, आणि बँकेने किंवा सोसायटीने मागितला की त्याच ट्रंकेतून दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा कागद बाहेर येतो. आता सातबारा संगणकावर आहे. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा २०१८ पासून मिळतो व त्यास १५ रुपये शुल्क पडते. त्यामुळे "आमचा सातबारा ऑनलाइन झाला" असे समाधान पुष्कळांच्या बोलण्यात आढळते. परंतु संगणक केवळ दिलेली नोंद दाखवतो, ती खरी व चालू ठेवण्याचे काम तो करीत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय तो आहे.

सातबारा म्हणजे दोन नमुन्यांचा जोड होय. गाव नमुना सात मध्ये जमीन कोणाची, किती, तिच्यावर कोणाचा हक्क वा बोजा, हे असते. गाव नमुना बारा मध्ये त्या जमिनीत कोणत्या हंगामात काय पिकले, हे असते. सात मध्ये बदल प्रसंगाने होतो, जसे खरेदी, वाटप, मृत्यू. बारा मात्र दरवर्षी, दर हंगामास नव्याने भरावयाचा असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आणि त्याखालील अधिकार अभिलेखाचे नियम १९७१ चे. त्यानुसार तलाठ्याने शेतावर जाऊन पीक पाहणी करावयाची होती. आपल्याकडे एका सजेत अनेक गावे, प्रत्येक गावाच्या चार-पाच वाड्या, त्याही डोंगराच्या कुशीत. तेव्हा मागील वर्षीची ओळच पुढे उतरली जाणे स्वाभाविक होते. खाचरात वाल उभा असला तरी कागदावर नुसते "भात", आणि वरकसात काजू धरू लागला तरी कागदावर "गवत", असे उतारे कोकणात सर्रास पाहावयास मिळतात.

दिनांक १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करण्याची सोय झाली. सोय म्हटली तरी ती जबाबदारीही आहे. न केल्यास बाराचा रकाना कोरा राहण्याचा संभव असतो, आणि कोरा रकाना जुन्या चुकीच्या ओळीपेक्षा अधिक त्रासदायक ठरतो.

ही सोय येण्याच्या तीनच आठवडे आधी आपल्या भागावर काय कोसळले, हे येथे बसलेल्यांस सांगण्याची गरज नाही. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले, तळिये येथे दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही माणसे गेली. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे हेच घडले होते. अशा आपत्तीनंतर पंचनामा शेतावर होतो हे खरे, परंतु मदतीची रक्कम सातबाऱ्यावरील नावानेच जमा होते. तेथे आपल्या भागातील खरी अडचण उभी राहते.

उदाहरणादाखल एक हिशेब पाहू. समजा, ८० गुंठे खाचर आजोबांच्या नावावर आहे. आजोबा वारून तीस वर्षे झाली. चार मुलगे व दोन मुली, त्यांपैकी दोघे मुंबईस, एक सुरतेस, त्यांची मुले आणखी कोठे. गावात राहून शेत करणारा एकटा नातू. खाचरावर रेती बसली, तर मदतीच्या निकषाप्रमाणे तीन इंचांहून अधिक गाळ असल्यास तो काढण्यास साहाय्य देय होते. पण ते द्यावयाचे कोणास? मयत माणसाच्या बँक खात्यात पैसे जात नाहीत. वारस लागलेले असले पण नावे सामाईक असली, तर इतर सहहिस्सेदारांची संमतिपत्रे लागतात. घर पडलेले, रस्ता बंद, अशा दिवसांत ती सहा ठिकाणांहून गोळा करावी लागतात. हे काम पूर आल्यावर करण्याचे नसून, गणपतीस किंवा शिमग्यास सर्व भावकी गावी जमते तेव्हा करण्याचे आहे.

वारस नोंदीची रीत अवघड नाही. हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास (२०२४ पासून ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) कळवावे, असे संहितेचे कलम १४९ सांगते. मृत्यूचा दाखला व वारसांची माहिती देऊन अर्ज केल्यावर फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, १५ दिवसांत हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मुदत टळली म्हणून नोंद होतच नाही असे नाही. शासनाने २०२५ मध्ये "जिवंत सातबारा" मोहीम काढली ती अशाच मागे पडलेल्या नोंदींसाठी. मोहिमेचे नाव मला फार समर्पक वाटले. मुलींची नावे गाळून वारस लावण्याचा आग्रह काही घरांत अजून होतो. तो बेकायदा तर आहेच, शिवाय पुढे हरकत येऊन नोंद अडकते ती निराळी.

आणखी एक गोष्ट भगिनींसाठी. आपल्या भागात पुरुष चाकरीस बाहेर आणि लावणी, बेणणी, कापणी घरच्या बाईच्या हातून, असे चित्र जुने आहे. पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची लक्ष्मी मुक्ती योजना शासनाने १९९२ साली आणली. शेतात उभी राहून पिकाचा फोटो काढणार ती, आणि कागदावर तिचे नाव नाही, हे काही बरे दिसत नाही.

आता पीक पाहणीकडे वळू. तिचा सर्वांत उघड उपयोग भात विक्रीत आहे. पणन महासंघाच्या खरेदी केंद्रावर आधारभूत किमतीने भात द्यावयाचा तर चालू वर्षाच्या पीक नोंदीचा सातबारा लागतो. २०२३-२४ च्या हंगामात भातास हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, प्रोत्साहन रक्कम जाहीर झाली होती. म्हणजे ज्याचे २० गुंठे भात नोंदीत आले नाही त्याचे सुमारे ४,००० रुपये राहिले. पीक विम्यातही विमा एका पिकाचा आणि नोंद दुसऱ्या पिकाची असली, तर दावा अडचणीत येतो.

मुदती साधारणपणे खरिपास ऑगस्टपासून, रब्बीस डिसेंबरपासून आणि उन्हाळीस एप्रिलपासून सुरू होतात. नेमक्या तारखा दरवर्षी जाहीर होतात व कधी वाढवल्या जातात, परंतु वाढीव मुदतीच्या भरवशावर बसू नये. याचे कारण पीक स्वतः होय. हळवे भात सप्टेंबरअखेर कापणीस येते. कापलेल्या खाचराचा फोटो काढून भात सिद्ध होत नाही. नागली व वरीचेही तसेच. लावणीची धांदल संपली, पाऊस उघडीप देऊ लागला, की ऑगस्टच्या उत्तरार्धात एक दिवस त्यासाठी राखून ठेवावा.

रब्बीची नोंद आपल्याकडे सर्वांत अधिक चुकते. भात कापल्यावर जमिनीच्या ओलाव्यावर वाल, पावटा, चवळी, हरभरा टाकतो. घरापुरते पीक म्हणून त्याची नोंद करावीशी वाटत नाही. परंतु तीच नोंद नसल्याने आपली जमीन कागदोपत्री एकपिकी राहते. डिसेंबरात वाल शेतात उभा असतो, तेव्हा हे काम सहज उरकते.

पड जमिनीचीही नोंद असते हे पुष्कळांस ठाऊक नाही. यंदा रेती बसल्यामुळे किंवा मनुष्यबळाअभावी लावणी झाली नसेल तर "चालू पड" दाखवावी, खोटे भात दाखवू नये. दरडीने खाचर खरडून गेले असेल तेथेही हेच करावे आणि सीमा हरवल्या असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज द्यावा. बांधावरील आंबा, फणस, साग यांची संख्याही नोंदवता येते. वरकसात काजूची वा आंब्याची कलमे लावली असतील तर ती नोंद लगेच करावी, कारण फळपीक विम्यास फळबागेची नोंद लागते.

प्रत्यक्ष कृतीत दोन-तीन गोष्टी सांभाळाव्यात. फोटो शेतात उभे राहूनच काढावा लागतो, कारण त्याबरोबर त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश जातात. आपले खाचर पाच तुकड्यांत असेल तर पाचही ठिकाणी जावे लागेल, त्याला इलाज नाही. गट नंबर व क्षेत्र चढवण्यापूर्वी उताऱ्याशी ताडून पाहावे. चूक झाल्यास ४८ तासांत स्वतः दुरुस्ती करता येते. त्यानंतर तलाठ्याकडे जावे लागते. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येत असल्याने वाडीतील एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने सर्वांची नोंद केली तरी चालते. मात्र त्या वेळी खातेदाराने शेतावर बरोबर असावे, म्हणजे कोणते पीक किती गुंठ्यांत, यात घोळ होत नाही. ज्यांना काहीच जमत नाही त्यांच्यासाठी गावोगाव पीक पाहणी सहायक नेमण्यात आले आहेत. त्यांचे नाव तलाठ्याकडून कळते.

नोंद केल्यावर काम संपले असे समजू नये. महिनाभराने उतारा काढून नमुना बारा पाहावा. सात वर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक छापलेला असतो. त्यावर नजर टाकली की घरात मागील काही वर्षांत झालेले वाटप, कर्जफेड, मृत्यू यांपैकी काय नोंदीत आले आणि काय राहिले हे लगेच ध्यानात येते. फिटलेल्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा तसाच दिसत असेल तर सोसायटीचा बेबाकी दाखला देऊन तो कमी करून घ्यावा.

मोबाइलला रेंज नाही, ही तक्रार पोलादपूरच्या वरच्या खोऱ्यांतून नेहमी येते व ती रास्त आहे. तूर्त, घरून निघण्यापूर्वी रेंज असलेल्या जागी ॲप उघडून खाते व गट निवडून ठेवावा, शेतात फोटो घ्यावा आणि बाजाराच्या दिवशी खाली आल्यावर तो चढला की नाही हे पाहावे. न चढल्यास परत शेतावर जाण्यास मुदतीतले दिवस शिल्लक असले पाहिजेत.