आधी मोजू, मग भांडू
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



२५ वर्षांपूर्वी आपण जळोचीत राहायला आलो, तेव्हा भांडण पाण्याचं होतं. आता रेंजचं आहे. गच्चीवर टॉवर द्यायचा का, यावर वार्षिक सभेत किती तावातावाने बोललो आपण! एक बाजू म्हणे भाडं येईल, दुसरी म्हणे आजार येतील. मीही विरोधातच होतो.

मग एका रात्री आईच्या छातीत दुखू लागलं. घरातून फोन लागेना. दोन जिने उतरून गेटपाशी आलो, तेव्हा कुठे रिक्षावाल्याला लागला. आई आज समोरच बसली आहे; पण ते दोन जिने मी विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी मोजायला लागलो. फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलचा आकडा दिसतो. उणे ८० चांगला. उणे ११०च्या पुढे बोलणं तुटू लागतं. घरोघर फिरून वहीत लिहिलं. रस्त्याकडच्या खोल्या ठीक, मागच्या बाजूला ठणठणाट!

वाचताना कळलं, टॉवरचा झोत आडवा, लांब जातो. नेमका खालीच सिग्नल कमी मिळू शकतो. म्हणजे गच्चीवर टॉवर आला की आपलं दुखणं जाईलच, असं नाही. भीतीचं म्हणाल, तर १ सप्टेंबर २०१२पासून आपल्याकडची किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. ‘तरंग संचार’ या सरकारी पोर्टलवर, शुल्क भरून, मोजणीही मागता येते.

निर्णय सभेनेच घ्यावा. वही कार्यालयात ठेवली आहे. आधी आपापल्या घरचा आकडा लिहा, मग खुशाल भांडू.