सहीचा कागद: भिंतीवर की कपाटात?

पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाची स्मरणिका असो वा संगीत नाटकाचं हस्तपत्रक, त्यावर कलाकाराची सही मिळाली की आपण ते लॅमिनेट करतो, नाहीतर फ्रेम करून दिवाणखान्यात लावतो. प्रेमापोटी केलेले हे दोन्ही उपाय सहीला घातक ठरतात. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन उरलेलं असतं. उजेड आणि हवा लागून असा कागद पिवळा पडतो. बॉलपेन आणि स्केचपेनची शाई तर प्रकाशात विटतेच. ही हानी साठत जाते, उडालेला रंग अंधारात ठेवून परत येत नाही. म्हणूनच संग्रहालयं अशा कागदांवर साधारण ५० लक्सइतकाच मंद उजेड पडू देतात, तोही मोजक्या काळापुरता.

लॅमिनेशनमुळे पाणी आणि धूळ अडते, हे खरं. पण उष्णतेनं वितळलेला गोंद कागदाला असा धरतो की पुढे तो सोडवणं जवळपास अशक्य होतं. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात कागद सपाट ठेवला, तर तेच संरक्षण मिळतं आणि तो हवा तेव्हा बाहेरही काढता येतो. पीव्हीसीची पाकिटं मात्र टाळावीत, शाई त्यांना चिकटते. कोकण-गोव्याच्या दमट पावसाळ्यात बुरशीचा धोका मोठा, तेव्हा पाकीट ठेवायचं कपाट ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर हवं. कपाटातच ठेवायची तर सही घ्यायची कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी कागद स्कॅन करून त्याची चांगली प्रत भिंतीवर लावावी आणि मूळ कागदासोबत कलाकार, स्थळ, तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. मैफलीचा हा पुरावा पुढच्या पिढीला वाचता यावा, यासाठी एवढी काळजी रसिकानं घ्यायलाच हवी.