चारित्र्य पडताळणी



परीक्षा झाली, निवड यादीत नाव लागलं, घरोघरी पेढेही पोचले. त्यानंतर सरकारी नोकरीत शिरणाऱ्या मुलामुलींच्या हाती कागदांचा एक जुडगा येतो. त्याला साक्षांकन नमुना म्हणतात. नमुना भरून दिला की तो पोलिसांकडे जातो आणि चारित्र्य पडताळणी सुरू होते. शहरात विशेष शाखेचा हवालदार पत्ता शोधत दारात येतो, गावात पोलीस पाटलाकडे विचारणा होते. मुलगा कसा आहे, कुठे उठतो-बसतो, शेजारी काय म्हणतात. चहा होतोच.

याआधी कुठे कुठे राहिलात, शिक्षण कुठे झालं, आईवडील मूळचे कुठले, तुम्हाला ओळखणारी दोन जबाबदार माणसं कोण, हे रकाने पटापट भरले जातात. मुलं अडखळतात ती एकाच प्रश्नापाशी. तुम्हाला कधी अटक झाली होती का, तुमच्यावर खटला भरला गेला होता का, दंड किंवा शिक्षा झाली होती का? आणि नमुन्याच्या अगदी वरच्या बाजूला ताकीद छापलेली असते: खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली, तर उमेदवार अपात्र ठरेल.

घरातली वडीलधारी मंडळी इथे हमखास चुकीचा सल्ला देतात. ‘अरे, निर्दोष सुटलास ना? मग कशाला लिहितोस? नाही म्हण आणि मोकळा हो.’ पण तुम्ही गुन्हा केला होता का, असं तिथे विचारलेलंच नसतं. अटक झाली होती का, खटला चालला होता का, एवढंच विचारलेलं असतं. निर्दोष सुटलेल्या माणसाचंही त्यावरचं खरं उत्तर ‘हो’ असंच असतं.

दिल्ली पोलीस दलातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९९ साली एका तरुणानं कारकुनी कामाच्या हेड कॉन्स्टेबल पदासाठी अर्ज केला. खटल्याच्या प्रश्नापुढे त्यानं ‘नाही’ लिहिलं. खरं म्हणजे भाडेकरूशी झालेल्या भांडणातून त्याच्यावर खटला झाला होता आणि पुढे तडजोड होऊन तो सुटलाही होता. सगळ्या चाचण्या पार केल्यावर, २००१ साली साक्षांकन नमुना भरताना त्यानं ही गोष्ट आपणहून लिहिली. पोलीस खात्यानं आधीच्या ‘नाही’वर बोट ठेवून त्याची उमेदवारी रद्द केली. २०११ साली निकाल त्याच्या बाजूनं लागला. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी निकालपत्रात व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या, पावासाठी चोरी करून जन्मभर चोर ठरलेल्या जाँ वालजाँची आठवण काढली. विशीतल्या पोराच्या चुकीसाठी त्याला आयुष्यभर डाग लावू नये, असा त्यांचा रोख होता.

प्रत्येक न्यायालयानं एवढी उदारता दाखवली नाही. निकाल दोन्ही बाजूंनी येत राहिले, म्हणून २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं हा गुंता सोडवायला घेतला. तरुणपणी घोषणा दिल्याचा खटला किंवा तसाच क्षुल्लक गुन्हा लपवला असेल, तर सरकारला त्याकडे काणाडोळा करता येतो. गुन्हा गंभीर असेल तर नेमणूक रद्द करता येते. सगळं खरं लिहिलं म्हणून नोकरी मिळेलच, असंही नाही. पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार सरकारकडेच राहतो. आणि उमेदवाराच्या बाजूनं एक महत्त्वाची गोष्ट: जे नमुन्यात विचारलंच नाही, ते लपवल्याचा ठपका त्याच्यावर ठेवता येत नाही.

एकेकाळी पोलीस अहवालात राजकीय मतंही यायची. मध्य प्रदेशात एका शिक्षकाला १९७४ साली नोकरीवरून काढलं गेलं. का, तर तो पूर्वी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या आणि जनसंघाच्या कामात होता, असा पोलिसांचा अहवाल. १९८३ साली न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी सरकारचं म्हणणं फेटाळलं आणि अमेरिकेतल्या मॅकार्थीच्या काळाचा, म्हणजे राजकीय मतांवरून माणसं टिपण्याच्या काळाचा, दाखला देऊन खडसावलं. माझ्या मते ही चौकशी कुठे थांबली पाहिजे, हे सांगणारा इतका स्वच्छ निकाल दुसरा नाही.

आता एवढी चाळणी लावून आत घेतलेल्या माणसांचं पुढे काय होतं? जानेवारी १९८५ मध्ये दिल्लीत कुमार नारायण हेरगिरी प्रकरण उघडकीला आलं. त्यात थेट पंतप्रधान कार्यालयातले कर्मचारी सापडले. गोपनीय फायली बाहेर जायच्या, त्यांच्या झेरॉक्स निघायच्या आणि फायली परत जागेवर यायच्या. मोबदला म्हणजे पैसे आणि दारूच्या बाटल्या. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांनी राजीनामा दिला. हेच पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. त्यांच्यावर स्वतःवर आरोप नव्हता. त्यांच्या हाताखालची माणसं अडकली होती. ही माणसं नोकरीला लागली तेव्हा त्यांच्याबद्दल वावगं काही आढळलं नसणार. मोह आला तो खुर्चीवर बसल्यानंतर, आणि बाविसाव्या वर्षी भरलेल्या नमुन्यात तो कुठून दिसणार?

अमेरिकेत ही तपासणी आपल्यापेक्षा कितीतरी कडक. शंभराहून जास्त पानांचा फॉर्म, पूर्वी ठरावीक वर्षांनी व्हायची ती फेरतपासणी, गुप्तहेर खात्यात तर खोटं पकडण्याचं यंत्रही. तरी सीआयएचा अधिकारी अ‍ॅल्ड्रिच एम्स १९८५ पासून सोव्हिएत रशियाला माहिती विकत राहिला. १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळा तो त्या यंत्रासमोर बसून पार झाला. मधल्या काळात त्यानं पाच लाख चाळीस हजार डॉलरचं घर रोख पैसे मोजून घेतलं आणि कचेरीत तो जग्वार गाडीनं यायचा. सरकारी पगारात हे कसं परवडतं, अशी कुजबुज झाली तेव्हा बायकोचं कोलंबियातलं माहेर गडगंज आहे, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. त्या माहेरची खरी परिस्थिती कुणी खोलात जाऊन तपासेपर्यंत बरीच वर्षं गेली. अटक झाली ती फेब्रुवारी १९९४ मध्ये.